घेव्याचे पैसे

शनिवार, रात्र. धादिंग

नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी, म्हणून उपासनाही शनिवारी. ही माझी तिसरी खेप, तरी उठल्या उठल्या वार चुकतोच. चर्च म्हणजे पत्र्याची शेड. आधीची दगडमातीची इमारत २५ एप्रिल २०१५च्या भूकंपात बसली. तोही शनिवारच, वेळ दुपारी बाराच्या जरा आधीची, ऐन उपासनेची.

दुपारी वर्ग घेतला. अकरा पाळक, बहुतेक तामाङ जमातीचे. मक्याची शेती नि शेरडं सोडून तीन वर्षं सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शाळेत, जाऊन बसणं यांना परवडायचं नाही. म्हणून पुस्तक घरी वाचायचं आणि महिन्यातून एकदा जमायचं. ग्वाटेमालात १९६३ साली ही पद्धत निघाली तीही याच अडचणीतून.

मी बायबलातलं रोमकरांस पत्र काढून बसलो होतो. लिपी आपलीच, मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, ‘मण्डली’च म्हणतात, त्यामुळे मी नेपाळी बायबल ऐटीत मोठ्यानं वाचतो. कळतं निम्मंच! तेवढ्यात मागचा एक जण उठला. तिशीतला असेल. वडील वारले, म्हणाला. थोरला भाऊ घेवा घालतोय. घेवा म्हणजे लामा बोलावून करायचा मृताचा विधी, नंतर गावजेवण. खर्चात वाटा मागतोय. द्यावा का? नाही दिला तर आई बोलणार नाही. दिला तर मण्डली काय म्हणेल?

माझी टिपणं तीस पानांची. त्यात घेवा कुठून असणार?

करिंथकरांसच्या पहिल्या पत्रातला आठवा अध्याय सांगायला लागलो, मूर्तीचा नैवेद्य खावा की नाही त्याचा. तो मान खाली घालून ऐकत होता, आणि मलाच ते पोकळ वाटत होतं. मग कोपऱ्यातले एक म्हातारे पाळक बोलले. आमच्या बाबांच्या घेव्याला मी लाकडं फोडली, दोन दिवस पाणी भरलं. लामापुढे बसलो नाही. पैसे आईच्या हातात दिले, तांदळासाठी म्हणून. भाऊ वर्षभर धुमसला, मग आला.

मला नगरकडची आजी आठवली. भावाच्या तेराव्याला मांडवात गेली नाही, पण चुलीपुढून उठलीही नाही. हे मी वर्गात सांगितलं, मोडक्या हिंदीत. आज कोणी वहीत काही उतरवून घेतलं असेल तर एवढंच. रोमकरांस राहिलं.

निघताना त्या पोरानं विचारलं, घेवा पुढच्या महिन्यात आहे, तोवर आहात ना?

माझं परतीचं तिकीट मंगळवारचं. म्हाताऱ्यांचं गाव त्याच्यापासून चार तासांच्या चालीवर. दोघांनी एकमेकांचे फोन नंबर घेतले, एवढं पाहिलं.