मेडिकल असिस्टंटचा कोर्स, कॅलिफोर्निया: फी, पगार आणि मधले १६० तास

मेडिकल असिस्टंट म्हणजे क्लिनिकमध्ये डॉक्टरच्या हाताखाली रक्त काढणारा, इंजेक्शन देणारा, फायली आणि फोन सांभाळणारा मदतनीस. हा कोर्स शिकवणाऱ्या खासगी शाळा फोनवर फी सांगत नाहीत. "एकदा येऊन तर बघा," म्हणतात. गेलात की आधी लॅब दाखवतात, मग नोकऱ्या कशा भरपूर आहेत ते ऐकवतात आणि सगळ्यात शेवटी आकडा येतो: पंधरा ते वीस हजार डॉलर. आमची फसगत त्या टेबलावरच झाली. त्याच दिवशी सही करू नका, कितीही "शेवटची जागा" असली तरी.

हेच शिक्षण कम्युनिटी कॉलेजात राज्याच्या रहिवाशाला दर युनिटला (अभ्यासाच्या मापाला) ४६ डॉलरने मिळतं. ३० युनिटांचं सर्टिफिकेट धरलं तर १,३८० डॉलर. पुस्तकं, स्क्रब (क्लिनिकचा गणवेश), लसी वेगळ्या. एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलात तरी कॅलिफोर्नियात एक वर्ष एक दिवस राहिल्याचा पुरावा दिला की रहिवासी धरतात. घराचं लीज, टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स जपून ठेवा. वर्ष भरलं नसेल तर थांबा, बाहेरच्यांची फी कित्येक पट आहे. काही ठिकाणी अ‍ॅडल्ट स्कूलमध्येही हा कोर्स स्वस्तात असतो, तिथेही विचारा.

आता पगार. केंद्राच्या श्रम खात्याच्या आकडेवारीत मे २०२४ चा देशभरातला मध्यक पगार (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) वर्षाला ४४,२०० डॉलर, म्हणजे तासाला सव्वाएकवीस, आठवड्याला कर कापण्याआधी ८५०. अठरा हजारांची फी म्हणजे एकवीस आठवड्यांची अख्खी कमाई. १,३८० ची फी दोन आठवड्यांत निघते. क्लिनिकची मॅनेजर शाळा महाग होती की स्वस्त ते विचारत नाही. ती विचारते: सर्टिफाइड आहात का, रक्त काढता येतं का? म्हणून कर्ज काढून खासगी शाळेत अजिबात जाऊ नका.

कोर्स संपल्यावर शाळा देते ते सर्टिफिकेट आणि परीक्षा देऊन मिळतं ते सर्टिफिकेशन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्याच्या कायद्याला दुसरं लागत नाही, पण बहुतेक मोठ्या क्लिनिकना लागतं. एएएमए या मेडिकल असिस्टंटांच्या संघटनेच्या सीएमए परीक्षेला बसायचं तर कोर्स सहसा सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एकीच्या मान्यतेचा हवा. नुसतं "अ‍ॅक्रेडिटेड" ऐकून गप्प बसू नका, कोणाची मान्यता ते विचारा. मान्यता नसेल तर एनएचए या दुसऱ्या संस्थेच्या सीसीएमएसारख्या परीक्षा उरतात. त्याही चालतात, पण आधी तुम्हाला काम करायचंय त्या क्लिनिकच्या जाहिराती वाचा.

वर्गातले महिने सोपे. बारावी सायन्स झालेल्याला त्यात अडणार नाही.

अडतं ते एक्स्टर्नशिपला, म्हणजे क्लिनिकमधल्या प्रत्यक्ष सरावाला. मान्यताप्राप्त कोर्सला किमान १६० तास, आणि सहसा एक पैसा मिळत नाही. २०२५ च्या साडेसोळा डॉलर किमान वेतनाने मोजलं तर २,६४० डॉलर बुडाले, वर मुलांच्या डेकेअरचा खर्च. शाळेच्या माहितीपत्रकात ही रक्कम कुठेच नसते. जागा शोधायची जबाबदारी शाळेची की तुमची, हे फी भरण्याआधी लेखी घ्या.

आत शिरायलाच कागद लागतात. हिपॅटायटिस बीच्या तीन डोसांना सहा महिने जातात, म्हणून पहिल्या सेमिस्टरलाच सुरुवात करा. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची टीबीची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रेच्या फेऱ्या. सरळ क्वांटिफेरॉन रक्तचाचणी मागा. सीपीआरचं (छाती दाबून जीव वाचवण्याचं) कार्ड नुसतं ऑनलाइनचं सहसा चालत नाही, प्रत्यक्ष सराव केलेलं काढा.

मग खरी गंमत सुरू होते. बऱ्याच ठिकाणी पहिले दोन आठवडे फायली आणि फोन. कॅलिफोर्नियात इंजेक्शन द्यायचं तर दहा तासांचं प्रशिक्षण आणि स्नायूत, त्वचेखाली, त्वचेत अशी प्रत्येकी दहा इंजेक्शनं नीट देऊन दाखवावी लागतात. रक्त काढायचं तर आणखी दहा तास, शिरेतून दहा वेळा आणि बोटाला टोचून दहा वेळा. फोन उचलून हे आकडे भरत नाहीत. पहिल्याच दिवशी सुपरवायझरला सांगा: "मला एवढे करायचे आहेत."

रबराच्या हातावर शीर हलत नाही, माणसाची सटकते. टोचण्याच्या जागेच्या खाली अंगठ्याने कातडी ताणून धरा, टूर्निकेट (दंडाला बांधलेला पट्टा) मिनिटाच्या आत सोडा. निळी, सोनेरी, हिरवी, जांभळी, करडी हा रक्त भरायच्या नळ्यांचा (बुचाच्या रंगाने) क्रम पाठ हवा. जांभळी आधी भरून सोनेरी भरली तर जांभळीतलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) पुढे जातं. रिपोर्टात पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम खोटं उतरतं आणि पेशंटला पुन्हा टोचावं लागतं.

बीएचएमएस, बीएएमएस झालेल्यांनी एक लक्षात ठेवा: इथे निदान सांगायचं नाही, फोनवर ट्रायाजही (कोणाला किती तातडी ते ठरवणं) करायचं नाही. सवयीने तोंडातून निघतं आणि नोकरी जाते.

वही करा. तारीख, काय केलं, कितवं, देखरेखीला कोण होतं. सही त्याच दिवशी घ्या. महिन्याने मागायला जाल तेव्हा सही देणारी नर्स दुसऱ्या क्लिनिकला गेलेली असते.