एमसीएम-४१ च्या रंध्रातलं पाणी: माझा अनुभव

एमएससीच्या प्रकल्पात मला रंध्रात अडकलेल्या पाण्याचा वितळणांक मोजायचा होता. त्यासाठी एमसीएम-४१ घेतलं. मोबिलच्या संशोधकांनी १९९२ मध्ये जाहीर केलेल्या या सिलिकात एकाच मापाची नळीसारखी रंध्रं पोळ्यातल्या कप्प्यांप्रमाणे शेजारी शेजारी असतात.

सीटॅब या साबणासारख्या रसायनाच्या द्रावणात (त्याच्या पुंजक्यांभोवतीच रंध्रं घडतात) अमोनिया आणि सिलिका पुरवणारं टीईओएस घातलं, पांढरा साका गाळून वाळवला आणि ५५० अंशांवर भाजून आतलं सीटॅब जाळून टाकलं. रंध्रांचा व्यास नायट्रोजन शोषणावरून काढला: सुमारे ३.५ नॅनोमीटर. अरुंद जागेत पदार्थ वेगळा वागतो, याची पहिली चुणूक इथेच दिसली. बाहेर नायट्रोजनचा द्रव व्हायला जेवढा दाब लागतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश दाबालाच तो रंध्रात द्रव झाला होता.

मग डीएससी, म्हणजे नमुना तापवताना तो किती उष्णता शोषतो ते मोजणं. भुकटीत रंध्रं भरून थोडं उरेल इतकं पाणी मुरवलं, पॅन सीलबंद केला, उणे ८० पर्यंत थंड करून अगदी हळू तापवला. वितळणांक गोठताना मोजत नाहीत, कारण पाणी अतिशीत होऊन, म्हणजे गोठणांकाखालीही द्रवच राहून, फसवतं. आलेखावर दोन शिखरं आली. शून्याचं बाहेरच्या पाण्याचं. दुसरं उणे ३५ च्याही खाली, पसरट.

सर म्हणाले, "शिखराची जागा पाहिलीस, आता क्षेत्रफळ बघ." क्षेत्रफळावरून किती बर्फ वितळला ते कळतं, आणि ते आत भरलेल्या पाण्याच्या मानाने फारच कमी होतं. भिंतीवरच्या सिलॅनॉल गटांशी (सिलिकॉनला जोडलेल्या ओएच गटांशी) हायड्रोजन बंधांनी बांधलेला थर बर्फ होतच नाही. थर जेमतेम ०.४ नॅनोमीटरचा, पण एवढ्या अरुंद नळीत हिशेब केला तर आतलं सुमारे ४० टक्के पाणी त्यातच जातं! हा आकडा मी पुन्हा पुन्हा पडताळला. नुसत्या व्यासावर सगळं बोलणाऱ्या पाठ्यपुस्तकांनी भिंतीला न्याय दिलेला नाही, असं माझं ठाम मत झालं.

म्हणून त्याच भुकटीच्या सिलॅनॉल गटांवर पाणी दूर ठेवणारे मिथाइल गट बसवले. रंध्रं थोडी अरुंद झाली, पण बुजली नाहीत. नायट्रोजन आत जात होता. पाणी मात्र साध्या दाबाला शिरलंच नाही, भुकटी वर तरंगत राहिली. डीएससीत शून्याचं एकच शिखर.

आता भिंतीवर निम्मेच मिथाइल गट असलेला नमुना करते आहे. त्यात पाणी शिरलं, तर न गोठणारा थर किती उरतो ते मला मोजायचंय.