आमची वाटचाल : खोकी, द्राक्षं आणि हबक्कूक

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी आणि बायको बघतो. इंजिनिअरिंगचे पार्ट, औषधं यांची खोकी वर्षभर जातातच, पण घर चालतं ते द्राक्षांवर. जानेवारी उजाडला की निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांचे फोन थांबत नाहीत. द्राक्षाच्या खोक्याची खरी परीक्षा कोल्ड स्टोरेजमध्ये. तिथल्या ओलसर थंडीत पुठ्ठा दमट होतो, थप्पीतलं तळाचं खोकं बसतं आणि माल दबतो. म्हणून कागद चांगलाच घ्यावा लागतो, तोही आधी पैसे मोजून. आमचे पैसे मात्र माल विकल्यावर. निफाडला गारपीट झाली की आमची वसुलीही झोडपली जाते.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा हंगाम ऐन भरात होता. निर्यातदारांच्या नावांची छापील खोकी पत्र्यापर्यंत रचलेली. कोरं खोकं कुठेही खपतं, छापलेलं कोण घेणार? शेतकऱ्यांनी मिळेल त्या भावाला द्राक्षं दिली, काहींनी बेदाणा केला. त्यांच्याकडे पैसे मागायला जीभ रेटेना. त्याच काळात मुंबई-आग्रा महामार्गावरून मजुरांचे लोंढे पायी निघाले होते. चर्चच्या मंडळींनी त्यांच्यासाठी बिस्किटं, वस्त्यांसाठी डाळ-तांदूळ जमवला आणि भरायला आमची पडून असलेली खोकी लागली. परदेशी जायची खोकी अशी गावातल्या गावात फिरली.

आम्ही शरणपूरचे, पिढीजात ख्रिस्ती. मिशनने एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या या वस्तीत आफ्रिकेतली, गुलामगिरीतून सोडवलेली मुलं शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट, आफ्रिका धुंडाळणारा मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या पार्थिवासोबत 1874 मध्ये लंडनपर्यंत गेला. हे सगळं आम्ही अभिमानाने सांगतो. पण अभिमान वेगळा आणि विश्वास वेगळा. माझी मजल नाताळच्या करंज्या आणि ना. वा. टिळकांची पदं इथवरच होती.

एप्रिल 2021 मध्ये वडील कोरोनाने गेले. ऑक्सिजनच्या बेडसाठी ओळखीच्या, अनोळखी सगळ्यांना फोन करून झाले होते. दफनाला मोजकी माणसं. त्यात पुठ्ठ्याला लागणाऱ्या क्राफ्ट पेपरचे भाव इतके चढलेले की जुन्या दराची प्रत्येक ऑर्डर तोट्याची. बायको रोज रात्री बायबल मोठ्याने वाचायची. मी समोर बसायचो, पण ऐकत असायचोच असं नाही.

एका रात्री हबक्कूक निघाला. जुन्या करारातलं तीन अध्यायांचं छोटं पुस्तक. सुरुवातच तक्रारीने : देवा, मी किती काळ ओरडू, तू ऐकत का नाहीस?

मी म्हटलं, "देवाला असं बोललेलं चालतं?"

"बायबलात आहे ना? मग चालतं," ती म्हणाली आणि पुढे वाचू लागली.

शेवटाकडे तो म्हणतो : अंजीर फुलला नाही, द्राक्षवेलीला फळ आलं नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. द्राक्षवेल ऐकून मी सावरून बसलो. फळ न धरलेल्या बागेचा हिशेब नाशिकच्या माणसाला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

पुढच्या वर्षी हबक्कूकची बाग बहरली, असं तिथे कुठेही नाही, आणि मला पटलं ते हेच. 'विश्वास ठेवा, धंदा दुप्पट होईल' म्हणणारे प्रचारक मला आजही सहन होत नाहीत. मीही प्रार्थना सुरू केली ती भांडणापासून. थकबाकी सगळी काही आली नाही. पण पहाटे छातीत भरणारी धडकी हळूहळू ओसरली. बँकेचा फोन टाळायचो तो उचलू लागलो, पेपर मिलकडे जाऊन हप्ते बांधून घेतले. ख्रिस्त दुःखातून बाहेर काढतो की दुःखात सोबत बसतो, हे मला विचाराल तर दुसरं.

कारखान्यात आमच्या श्रद्धेची सक्ती कुणावर नाही. दसऱ्याला कामगार पुठ्ठ्याला खाचा पाडणाऱ्या स्लॉटर मशीनला झेंडूचा हार घालतात, ती वडिलांपासूनची पद्धत. पेढे आम्ही आणतो. वडिलांची खुर्ची स्टिचिंग मशीनजवळच आहे, तिच्यावर आता आमच्या सर्वात जुन्या कामगार मावशी बसतात.

हल्ली हंगामाआधी कोरी खोकी करून ठेवतो आणि ऑर्डर पक्की झाल्यावरच छापतो. यंदा ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला, त्यामुळे बागायतदार अजून आकडा सांगत नाहीत. कागद मात्र उतरवून घेतलाय.