वरच्या मजल्यावरचा माग

इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली आणि त्या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे : औद्योगिक क्रांतीने सामान्य माणसाचे भले झाले की वाटोळे? प्रश्नपत्रिकेत तो ‘परिणाम लिहा’ अशा सभ्य रूपात येतो. लग्नकार्यात भेटणारे जुने विद्यार्थी तो सरळ विचारतात, आणि माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे यंत्रमाग चालवणारे, होते हे ज्यांना ठाऊक आहे, ते जरा जास्तच रोखून विचारतात. तोंडी दिलेली माझी उत्तरे नेहमी अर्धवट राहिली, म्हणून आता हे सविस्तर लिहितो आहे.

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात क्रॉमफर्ड नावाचे एक लहान गाव आहे. रिचर्ड आर्कराइट या मूळच्या न्हाव्याने आणि केसांचे टोप विकणाऱ्या माणसाने १७७१ मध्ये तेथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारण्यास सुरुवात केली. गिरणीपासून जवळच नॉर्थ स्ट्रीट नावाची गल्ली आहे, जिथे १७७६ च्या सुमारास त्याने कामगारांसाठी दगडी, तीन मजली घरांची रांग बांधली. या घरांच्या सर्वांत वरच्या मजल्याला लांबच लांब खिडक्या आहेत, कारण तिथे माग असे आणि विणकराला उजेड लागतो. बाप वर माग चालवी, आई आणि मुले खालच्या गिरणीत सूत काढीत. म्हणूनच मोठे कुटुंब असलेला विणकर आर्कराइटला हवा असे. त्याला एका माणसाबरोबर सात-आठ जोड्या हात मिळत. भले की वाटोळे, या प्रश्नाला या एकाच घरात निदान तीन उत्तरे आहेत, आणि तीही दर दहा वर्षांनी बदलणारी.

आधी हे सारे सुरू का झाले, ते सांगितले पाहिजे. आपल्या डोक्यात औद्योगिक क्रांती म्हटली की वाफेचे इंजिन धडधडू लागते. न्यूकमेनचे इंजिन १७१२ पासून होतेच, पण ते खाणीतील पाणी उपसत असे. जेम्स वॅटचे सुधारलेले इंजिन कापसाच्या गिरणीत पहिल्यांदा आले ते १७८५ च्या सुमारास. क्रॉमफर्डची पहिली गिरणी चालली ती एका ओढ्याच्या आणि शिसाच्या खाणीतून वाहून येणाऱ्या पाण्यावर. हे खाणीचे पाणी किंचित कोमट असल्यामुळे हिवाळ्यात गोठत नसे आणि चाक थांबत नसे. इतिहासाला वळण देणाऱ्या गोष्टी कधीकधी इतक्या साध्या असतात.

खरी अडचण सुताची होती. जॉन केने १७३३ मध्ये दोरीच्या झटक्याने पळणारा धोटा काढला आणि विणकराचा वेग वाढला; कातणारणीचा वेग मात्र चरख्याचाच राहिला. एका विणकराला पुरेल इतके सूत द्यायला चार-पाच बायका लागत. त्यात कापसाच्या कापडाची हाव इंग्रजांना लावली ती हिंदुस्थानने. सुरत, बंगाल आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून येणारी छापील कापडे तिकडे इतकी खपू लागली की लोकर आणि रेशमवाल्यांच्या दबावाखाली संसदेने १७०१ मध्ये ती आयात करण्यास आणि १७२१ मध्ये ती बहुतांशी वापरण्यासही बंदी घातली. बंदीने हौस मरत नाही. तिच्यामुळे इंग्लंडातल्या नक्कल करणाऱ्याला मोकळे रान मिळाले. मात्र इंग्लंडात काढलेले सूत उभ्या ताण्याला टिकेना, म्हणून ताणा अळशीच्या धाग्याचा (लिननचा) आणि आडवा बाणा कापसाचा असे मिश्र कापड विणले जाई. हारग्रीव्ह्जच्या ‘जेनी’ या कातण्याच्या यंत्राने एका वेळी अनेक चात्या फिरवल्या, पण ते सूतही मऊ, बाण्यापुरतेच. आर्कराइटच्या रोलरांनी पेळू ताणून त्याला घट्ट पीळ दिला आणि ताण्याला चालेल असे सूत निघाले. १७७४ मध्ये संसदेने निर्भेळ सुती कापडाला परवानगी दिली, आणि १७७९ मध्ये सॅम्युएल क्रॉम्प्टनने दोन्ही यंत्रांचा संकर करून म्यूल बनवले, तेव्हा मलमलीइतके बारीक सूतही लँकेशायर या वायव्य इंग्लंडातील परगण्यात निघू लागले. शंभर पौंड कापूस हाताने कातायला पन्नास हजारांच्या आसपास तास लागत, सुरुवातीच्या म्यूलवर दोन हजार, आणि १७९५ च्या सुमारास तीनशे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हे यंत्र इंग्लंडातच का, याचे उत्तर काही जण तिथल्या चढ्या मजुरीत आणि स्वस्त कोळशात शोधतात. मला ते निम्मेच पटते, कारण ज्या कामाच्या जागी यंत्र आले ते काम बायकांचे होते आणि बायकांची मजुरी मुळीच चढी नव्हती.

पहिला घाव पडला तो याच बायकांवर. अविवाहित स्त्रीला इंग्रजीत ‘स्पिन्स्टर’ म्हणतात, तो शब्द मुळात कातणारणीचा. इतका तो धंदा त्यांचा होता. शेतमजुराच्या घरात चरख्याचे चार पैसे येत, म्हणून हिवाळा निघे. १७८० आणि १७९० च्या दशकांत ते पैसे एका परगण्यामागून एका परगण्यातून नाहीसे झाले आणि अनेक कुटुंबे गावच्या गरीबनिधीच्या दारात उभी राहिली. जेन्या लँकेशायरमध्ये फोडल्या गेल्या, १७७९ मध्ये बर्केकर येथील आर्कराइटची गिरणी जमावाने उद्ध्वस्त केली. परंतु दूरच्या खेड्यातील कातणारीण कुठे दगड मारणार? तिची नोंद करायला कोणी आले नाही. पुढे लँकेशायरचे सूत आपल्याकडे उतरू लागले तेव्हा इथल्या चरख्यांचेही तेच झाले.

त्याच वर्षांत वरच्या मजल्यावर मात्र दिवाळी होती. सूत मुबलक आणि विणणारे हात कमी, त्यामुळे विणकराची मजुरी चढत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लँकेशायरमधील चांगला हातमागवाला आठवड्याला वीस शिलिंगांहून अधिक कमवी आणि कधी सुरू करायचे, कधी थांबायचे, हे स्वतः ठरवी. सोमवारी सुट्टी घेणे हा तर त्यांचा जवळजवळ धर्म होता. त्या दिवसाला ते ‘संत सोमवार’ म्हणत. गिरणीत असा संत चालत नसे. क्रॉमफर्डला बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या होत्या आणि गिरणीच्या घंटेवर गाव उठे. भोंग्यावर झोप मोडणाऱ्या घरात मी वाढलो असल्याने, मजुरीच्या आकड्यांपेक्षा हा बदल मला अधिक मोठा वाटतो.

त्या घंटेवर उठणाऱ्यांत मुले फार होती. तुटलेला धागा चालत्या यंत्रावर सांधायला बारीक बोटे लागत, आणि म्यूलचा गाडा मागेपुढे सरकत असताना त्याच्या खाली शिरून कापसाचा पिंजर झाडायला लहान अंग लागे. मुले घरीही राबत होतीच, हे खरे. पण घरी ती बापाच्या नजरेखाली आणि बापाच्या गतीने राबत. १८३३ च्या कायद्याने रेशमाचा धंदा वगळून नऊ वर्षांखालील मुलांना गिरणीत मनाई झाली, नऊ ते तेरा वयाच्या मुलांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली, आणि साऱ्या देशासाठी चार निरीक्षक नेमले गेले. आधीचे कायदे निरीक्षकांविना होते, म्हणजे नव्हतेच.

वाफ खऱ्या अर्थाने आली ती एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, आणि तिने गिरणी ओढ्याकाठून शहरात आणली. १८०१ मध्ये सत्तर-पंच्याहत्तर हजारांचे मँचेस्टर १८५१ मध्ये तीन लाखांवर गेले. सार्वजनिक आरोग्याचा सुधारक एडविन चॅडविक याच्या १८४२ च्या अहवालात मँचेस्टरमधील मजूरवर्गाचे मृत्यूसमयीचे सरासरी वय १७ वर्षे दिले आहे. रटलंड या शेतीच्या परगण्यात ते ३८ होते, आणि तिथली मजुरी मँचेस्टरपेक्षा कमी होती. सतरा म्हणजे सगळे तरुणपणीच मेले असे नव्हे. निम्म्याहून अधिक मुले पाच वर्षांचीही होत नसत, त्यामुळे ती सरासरी इतकी खाली येते. याच शहरात कापूस स्वस्त पडत होता तो अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामांच्या श्रमामुळे, हेही त्याच हिशेबात मांडावे लागते.

आणि विणकर? त्याला यंत्रमागाने मारले असे पुस्तकात लिहिलेले असते, आणि मीही अनेक वर्षे तसेच शिकवले. एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचे पेटंट १७८५ मध्ये घेतले खरे, पण १८१३ मध्येही ब्रिटनमध्ये असे माग सुमारे २,४०० च होते, तर हातमागवाले दोन लाखांच्या घरात. त्यांची मजुरी मात्र त्याआधीच घसरू लागली होती. साधे विणकाम काही आठवड्यांत शिकता येई, म्हणून चांगल्या दिवसांत जो तो मागाकडे धावला होता. १८१५ मध्ये नेपोलियनशी युद्ध संपल्यावर सुटलेले सैनिक आणि आयर्लंडमधून आलेले गरीब त्यात भरले. किमान मजुरी ठरवण्याचे विधेयक १८०८ मध्ये संसदेने धुडकावले. १८३३ पर्यंत यंत्रमाग लाखाच्या घरात गेले, तेव्हा आधीच वाकलेल्या माणसावर ते कोसळले. १८३० च्या दशकात विणकराच्या हाती आठवड्याला सहा-सात शिलिंग पडत, आणि त्यासाठी तो पूर्वीपेक्षा अधिक तास बसे. माझे वडील म्हणत, साचा थांबला की माणूस थांबतो. यांचा माग तर थांबतच नव्हता.

शतकाच्या मध्यानंतर मजुरी वाढली, सुती कापड स्वस्त झाले, गरिबाच्या अंगावर धुता येणारा सदरा आला. हे सारे खरे आहे आणि ते मी कधी नाकारत नाही. पण ते ज्यांना मिळाले ते बहुतेक नातवंडांच्या पिढीतले होते. हातमाग विणकरांच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. त्याने १८४१ मध्ये निष्कर्ष दिला की करण्यासारखे काही उरलेले नाही. विणकरांनी हा धंदा सोडून पळावे आणि मुलांना त्यात आणणे घोर गुन्ह्याइतके टाळावे, एवढे त्यांना समजावून सांगावे. त्यांची मुले तोवर गिरणीच्या फाटकातून कधीच आत गेली होती.