गट क्रमांक १४

घरच्या लिनक्स संगणकातले ग्राफिक्स कार्ड क्यूईएमयूच्या (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) आभासी यंत्राला द्यायचे ठरवले आणि पहिला अडथळा सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात मांडतो तिथे, भेटला. तिथे 'आयओएमएमयू ग्रुप्स' नावाची डिरेक्टरी असते; आयओएमएमयू म्हणजे उपकरणांच्या मेमरीवापरावर पहारा ठेवणारा हार्डवेअरचा भाग. तिच्यात नुसते आकडे असतात आणि प्रत्येक आकड्याच्या पोटात त्या गटातल्या उपकरणांचे सिमलिंक, म्हणजे त्यांच्याकडे बोट दाखवणारे दुवे. माझ्या १४ क्रमांकाच्या गटात ०१:००.० हे ग्राफिक्स कार्ड आणि ०१:००.१ हा त्याचाच ध्वनीचा भाग होता, हे अपेक्षितच होते. पण शेजारच्या स्लॉटमधले नेटवर्क कार्डही तिथेच नांदत होते.

हे गट कर्नल मनाने पाडत नाही. उपकरणाने डीएमएसाठी (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरी वापरण्यासाठी) दिलेला मेमरीचा पत्ता आयओएमएमयू तपासते खरे, पण वरच्या पीसीआय एक्सप्रेस ब्रिजमध्ये (उपकरणांना बाकीच्या संगणकाशी जोडणाऱ्या भागात) एसीएसची, म्हणजे अशा थेट देवाणघेवाणीवर नियंत्रण ठेवण्याची, सोय नसेल, तर त्याखालची दोन उपकरणे आयओएमएमयूला वळसा घालून परस्पर व्यवहार करू शकतात, आणि अशांना वेगळे मानायला कर्नल नकार देतो. म्हणूनच २०१२ साली कर्नलच्या ३.६ आवृत्तीत आलेल्या व्हीएफआयओने (उपकरणे साध्या प्रोग्रामच्या हाती देणाऱ्या कर्नलच्या भागाने) वापरकर्त्याच्या हाती सुटे उपकरण न देता अख्ख्या गटाची एक फाइल दिली. तिची मालकी साध्या वापरकर्त्याला देता येते; मात्र गटातले एखादे उपकरण जरी यजमान कर्नलच्या नेहमीच्या ड्रायव्हरकडे राहिले (ब्रिजचा अपवाद सोडून), तरी 'गट व्यवहार्य नाही' असे सांगून क्यूईएमयू थांबते. माझे नेमके हेच झाले.

यावर गट कृत्रिमरीत्या फोडणारा, मुख्य कर्नलने न स्वीकारलेला एक पॅच (कोडमधला बदल) अनेक जण सुचवतात. मला तो मुळीच पटत नाही, कारण त्याने फक्त नोंद बदलते, ब्रिज होता तसाच राहतो. ६.६ आवृत्तीपासून प्रत्येक उपकरणाची स्वतंत्र फाइलही मिळते, पण डीएमएची मालकी तपासताना कर्नल अजूनही गटच पाहतो.

शेवटी नेटवर्क कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवले. गट सुटला, पण क्रमांकही बदलले आणि माझी स्क्रिप्ट बिचारी १४ क्रमांक शोधत बसली. आता ती क्रमांक गृहीत न धरता उपकरणाच्याच डिरेक्टरीतला 'आयओएमएमयू ग्रुप' हा सिमलिंक वाचते.