वसईचा पहिला ड्राफ्ट संपला, पण सुरुंग डोक्यातून जात नाही

काल पहाटे वसईच्या वेढ्यावरच्या, म्हणजे १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला त्यावरच्या कादंबरीचा पहिला ड्राफ्ट पूर्ण झाला. आनंद झालाच, खूप झाला, पण तेव्हापासून एकच प्रकरण डोक्यात घोळतंय आणि ते शेवटचं नाही, त्याच्या आधीचं आहे, सुरुंगाचं, म्हणजे तटाखाली खणून दारू भरून उडवायच्या भुयाराचं.

ऐतिहासिक कादंबरी म्हणजे तलवारी आणि खणखणीत संवाद असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात अर्धा जीव तारखा खातात. १७३९ मध्ये पोर्तुगीजांच्या कॅलेंडरपेक्षा मुंबईच्या इंग्रजांचं कॅलेंडर ११ दिवस मागे होतं, त्यामुळे किल्ला शरण आल्याची तारीख एकीकडे १६ मे आणि दुसरीकडे ५ मे, आणि दोन्ही बरोबर! मराठी पत्रांत सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कागदांतली अरबी आकड्यांची वर्षगणना, तोही अक्षरांत, तिसा सलासीन मया व अलफ (११३९), आणि महिना हिजरी चांद्र, सफर वगैरे. हे सगळं एका कागदावर शेजारी शेजारी मांडलं तेव्हा कळलं की निर्णायक हल्ल्याचा आठवडा वैशाखाच्या शुक्ल पक्षातला होता, म्हणजे चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळणार. माझी माणसं रात्री खणत असतात, त्यामुळे उजेड कधी जातो यावर अख्खा प्रसंग उभा आहे. वाचकाला फक्त ‘चंद्र मावळला’ एवढंच दिसेल, पण त्या दोन शब्दांचा मला फार अभिमान आहे.

तर सुरुंग. वसईच्या किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल, जमिनीवरून भिडायचं तर उत्तरेकडूनच, म्हणून बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ आणि या मोहिमेचे सेनापती चिमाजी अप्पा यांचे मोर्चे (तोफा आणि माणसांच्या आडोशाची ठाणी), खणणारे बेलदार, शिड्या घेऊन थांबलेली माणसं, सगळी त्याच बाजूला एकवटलेली आणि वरून पोर्तुगीजांचा मारा. फेब्रुवारीपासून हे चाललेलं. रेताड जमीन, खणाल तेवढी कड ढासळणार, त्यात पावसाळा तोंडावर आणि मार्चमध्ये नादिरशहाने दिल्ली लुटलेली, म्हणजे बाजीरावाचं लक्ष उत्तरेकडे आणि वसई लवकर संपवा हा घोर सगळ्यांच्याच मागे. १३ मेला सुरुंगांना बत्ती दिली. काही उडाले, सेबास्तियन बुरुजाकडे खिंडार पडलं, माणसं आत घुसायला धावली आणि मागे राहिलेला एक सुरुंग नेमका तेव्हा उडाला. आपलीच शेकडो माणसं त्यात गेली.

इतिहासाच्या पुस्तकांत हे एका वाक्यात संपतं, पुढच्या वाक्यात विजय. मला याचा राग येतो. अख्ख्या वेढ्यात मेलेले-जखमी मिळून पाच हजारांच्या आसपास, हा आकडा मराठ्यांनी स्वतः मान्य केलेला, पण पत्रांत नावं सरदारांची. आपल्याकडे किल्ला घेणाऱ्याचा पुतळा होतो आणि किल्ल्याखाली खणणाऱ्याची जातसुद्धा धड लिहिलेली नसते.

म्हणून मी तो उशिरा उडालेला सुरुंग माझ्या काल्पनिक बेलदाराच्या हातात दिला. त्याचा धाकटा भाऊ शिडीवाल्यांत आहे. बत्ती आत गेली, धूर दिसला, आवाज नाही, वरून हाका यायला लागल्या आणि तो ओरडतोय थांबा, अजून थांबा, पण दोन सुरुंगांच्या दणक्यानंतर कुणाला ऐकू येणार? हे पान लिहिताना हात खरंच थरथरत होते, मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या आणि परत बसले.

एका संपादकांना आधीची प्रकरणं दाखवली होती. त्यांचं म्हणणं, ‘मला तोफेच्या तोंडी बांधा, निदान माझं मस्तक तरी किल्ल्यात पडू दे’ हे अप्पांचं प्रसिद्ध वाक्य क्लायमॅक्सला हवंच, वाचक त्याचीच वाट बघतो. वाक्य माझ्याही आवडीचं आहे, ते मी घेतलंय, पण बेलदाराला ते चौथ्या माणसाकडून ऐकू येतं, तेही अर्धवट, माती उपसताना. सेनापतीचं बोलणं खंदकात असंच पोचत असणार, मी यावर हटणार नाही.

शेवटच्या प्रकरणात २३ मे. तहाप्रमाणे पोर्तुगीज शिबंदी, म्हणजे किल्ल्यातली फौज, शस्त्रांसह, मानाने बाहेर पडते. अप्पांनी दिलेला शब्द पाळला, ही मोठी गोष्ट आहे आणि ती मी मनापासून लिहिलीय. पण भाऊ गमावलेल्या माणसाने ती रांग जाताना बघायची म्हणजे काय, यावर बराच वेळ अडले होते. शेवटी तो रागावत नाही, रडत नाही, बाहेर पडणाऱ्यांत त्याच्यासारखे खणणारे, आतून त्याचे सुरुंग शोधणारे कोण असतील ते हातांवरून ओळखायला बघतो. हे मला पटलंय.

पटलं नाही ते १३ मेच्या रात्रीचं. आत्ताच्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणी काहीच विचारत नाही, सगळे गप्प. खोटं वाटतंय ते. जमादाराने विचारलं असणार, चारचौघांत, शिव्या घालून, बत्ती कुणी दिली म्हणून, आणि उत्तर मिळायच्या आत पुढचा सुरुंग भरायला त्यालाच पाठवलं असणार, कारण खणणारं दुसरं होतंच कोण. दुसरा ड्राफ्ट तिथूनच सुरू करणार आहे.