आमची वाटचाल: दुधाच्या पगारापासून मुरघासापर्यंत

नाशिक म्हटलं की लोकांना द्राक्षं आठवतात, धरणं आठवतात. सिन्नर तालुक्याच्या पूर्वेला, वावीच्या बाजूला, तसं काही नाही. पाऊस आला तर आला. 31 ऑक्टोबर 2023 ला सरकारने दुष्काळ जाहीर केलेल्या 40 तालुक्यांत मालेगाव आणि येवल्याबरोबर आमचं सिन्नरही होतं. अशा भागात घर चालतं ते गाईवर. कांद्याचं काय होईल ते बाजार समितीत गेल्यावरच कळतं, दुधाचा पगार मात्र दर दहा दिवसांनी येतो. किराणा, शाळेची फी, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता सगळं त्यावर ठरतं. आमचा धंदा याच पगाराभोवती उभा राहिला.

2011 साली मी आणि माझ्या धाकट्या दिरांनी घराच्या ओसरीत दूध संकलन सुरू केलं. गावात दूध घेणारे आधीही होते, पण फॅट कुणी समोर काढून दाखवत नसे. किटली ओतायची आणि दहा दिवसांनी हातात पडेल ते घ्यायचं, अशी रीत. आम्ही ठरवलं की फॅट शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत निघेल. काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये 10 मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर पिपेटने 10.75 मिली दूध, मग 1 मिली अमाईल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी हातात धरवत नाही इतकी तापते आणि दूध काळपट तपकिरी होतं. मशीनमध्ये फिरवून काढली की वर पिवळसर पारदर्शक थर दिसतो, तोच फॅट. भल्या सकाळी बायका ती नळी उजेडाकडे धरून स्वतः आकडा वाचायच्या आणि त्यांनी वाचलेला आकडा मी वहीत लिहायचे. आता ॲनालायझर आहे, मिनिटाभरात फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), पाणी सगळं कळतं आणि मोबाइलवर मेसेज जातो. तरी कुणाला शंका आली तर आजही नळी काढतो.

पुढे बल्क कूलर, म्हणजे दूध गार ठेवणारी मोठी टाकी, आला. धार काढल्यावर दूध अंगाच्या उष्णतेचं असतं. ते लवकर 4 अंशांपर्यंत उतरवलं नाही तर उन्हाळ्यात टँकर यायच्या आत आंबतं आणि 'दूध नासलं' म्हणून शेतकऱ्याचा अख्खा दिवस वाया जातो. कूलरसाठी पहिल्या बँकेने आम्हाला उभंच केलं नाही. जागा एनए (बिगरशेती) नाही, वीजभार पुरेसा नाही, शिवाय बाईमाणसाच्या नावावर यंत्रसामग्रीचं कर्ज कसं, असंही तोंडावर ऐकवलं. दुसऱ्या बँकेने कागद नीट वाचले आणि कर्ज दिलं. दिवसाकाठी लाइट जाते, म्हणून जनरेटरही घ्यावा लागला. डिझेलचा तो खर्च दूधदराच्या कुठल्याच हिशेबात कुणी धरत नाही.

आता दराविषयी, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. आमच्याकडे एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई जास्त. त्यांच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो, त्याखाली उतरलं की पॉइंटमागे कपात. राज्यातल्या जास्तीच्या दुधाची पावडर आणि बटर होतं, त्यामुळे त्यांचे भाव उतरले की वावीतल्या गोठ्यातला दरही उतरतो. पेंडीचं पोतं मात्र खाली येत नाही. हिवाळ्याच्या पुष्टकाळात दूध वाढतं तेव्हा दर पाडला जातो, उन्हाळ्याच्या कृशकाळात दर चढतो तेव्हा द्यायला दूध नसतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये हॉटेलं बंद, मिठाईची दुकानं बंद, शिर्डीचं मंदिर बंद. तेव्हा सरकारने दिवसाला 10 लाख लिटरपर्यंत जास्तीचं दूध 25 रुपयांनी घेऊन पावडर करायचं ठरवलं. त्याने पडता दर थोडा सावरला.

2024 चं गाईच्या दुधावरचं अनुदान मला सविस्तर सांगायचं आहे, कारण योजना गोठ्यापर्यंत कशी पोहोचते ते मी त्यात जवळून पाहिलं. सुरुवातीची घोषणा सहकारी संघांपुरती होती, मग खासगी प्रकल्पांना दूध घालणारे शेतकरीही घेतले गेले. पहिल्या टप्प्यात डेअरीने लिटरला किमान 27 रुपये द्यायचे आणि सरकार 5 देणार. जुलैपासून 30 आणि 5, ऑक्टोबरपासून 28 आणि 7. पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात. अट अशी, की गाईच्या कानात 12 अंकी पिवळा बिल्ला हवा, तो भारत पशुधन पोर्टलवर मालकाच्या नावाने नोंदलेला हवा, आणि खातं आधारला जोडलेलं हवं.

कागदावर हे सोपं आहे. गोठ्यात काय होतं? बिल्ला सासऱ्यांच्या नावावर, आणि ते वारलेले. दूध सुनेच्या नावाने येतं, खातं नवऱ्याचं. लोणी गावच्या जनावरांच्या बाजारातून आणलेल्या गाईच्या कानात जुन्या मालकाचा बिल्ला, आणि तो मालक फोन उचलत नाही. आम्ही संध्याकाळचं संकलन उरकलं की लॅपटॉप घेऊन एकेका वस्तीवर जायचो. दीर बॅटरीच्या उजेडात गाईचा कान धरून आकडे मोठ्याने वाचायचे आणि मी टाइप करायचे. एक आकडा चुकला तरी अर्ज परत येतो. ज्यांना स्वतःहून हे जमलं नसतं अशा बहुतेकांचे पैसे जमा झाले. काहींचे पैसे बिल्ल्यावरचं नाव बदलण्यात अडकले ते अडकलेच, आणि ती घरं सगळ्यांत गरजू होती. ज्या गावात संकलन करणाऱ्याने हे अंगावर घेतलं नाही, तिथे जाहीर झालेला पैसा जाहीरच राहिला. नोंदणीसाठी माणूस आणि त्याचा मेहनताना योजनेतच धरला पाहिजे, अशी माझी ठाम मागणी आहे.

त्याच वेळी आम्ही आणखी एक बदल केला. शेण उचलणं, वैरण टाकणं, धार काढणं हे बाईचं काम, आणि पगार पुरुषाच्या खात्यात. आम्ही प्रत्येक घरी विचारलं, पगार कुणाच्या नावाने टाकायचा? काही घरांत कुरबुर झाली. पण आज आमच्याकडची निम्म्याहून जास्त खाती बायकांच्या नावावर आहेत आणि त्या घरांत गाईच्या खुराकाला पैसा कमी पडत नाही.

खुराकावरून मुरघासाकडे, म्हणजे हवाबंद करून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याकडे, येते. दर पडला की शेतकरी पहिली कात्री खनिज मिश्रणाला लावतो, कारण त्याने दूध त्याच दिवशी घटत नाही. फटका उशिरा बसतो. गाय वेळेवर माजावर येत नाही, आली तर उलटते म्हणजे गाभ राहत नाही, दोन वेतांतलं अंतर वाढतं आणि भाकड गाय महिनोन् महिने बसून खाते. बाजारातला दर आमच्या हातात नाही, गोठ्यातला खर्च मात्र आहे. तिथेच काम करायचं ठरवून 2018 पासून आम्ही मुरघास करू लागलो. नाशिक जिल्ह्यात मका भरपूर. पेरणीनंतर 80-90 दिवसांनी, कणसातला दाणा चिकात असताना, मका कापून कुट्टी करायची, दाबून हवा काढायची आणि पिशवी किंवा खड्डा बंद करून दीड महिना उघडायचं नाही. चांगला मुरघास पिवळसर हिरवा असतो, त्याला आंबूस गोड वास येतो, आणि मुठीत दाबला तर पाणी गळत नाही. 2023 च्या दुष्काळात कडबा महागला तेव्हा ज्यांच्याकडे मुरघास होता त्यांनी गाई विकल्या नाहीत. गोवर्धनला मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. आमच्या भागातल्या तरुणांना मी आवर्जून सांगते, एकदा तिथे जाऊन या.

लम्पीचं वर्ष विसरता येत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये जळगावकडून बातम्या आल्या आणि थोड्याच दिवसांत आमच्याकडे गाठी आलेली पहिली गाय दिसली. माश्या, डास, गोचीड यांनी पसरणारा रोग, त्यामुळे जनावरांचे बाजार बंद झाले. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना मोफत दिली गेली. आम्ही किटल्या गोठ्याबाहेर ठेवायला लावल्या, फवारणीचा पंप वस्तीवस्तीवर फिरवला. ज्यांची दुभती गाय गेली त्यांना 30 हजारांची मदत मिळाली. चांगल्या गाईची किंमत त्याच्या दुप्पट-तिप्पट असते, तरीही ती मदत वेळेला उपयोगी पडली. तेव्हापासून आमच्याकडे लाळ-खुरकुताची सहामाही लस कुणी चुकवत नाही. कालवड 4 ते 8 महिन्यांची असताना ब्रुसेलाची, म्हणजे गाय गाभडवणाऱ्या रोगाची, लस टोचून घ्यायची आठवण आम्ही पगाराच्या पावतीवरच छापतो. रात्री गाय अडली तर काय करायचं, हा प्रश्न तसाच आहे. 1962 नंबरवर जनावरांच्या डॉक्टरांचं फिरतं पथक मिळतं, पण तालुका मोठा आणि गाड्या मोजक्या.

2021 मध्ये पनीर सुरू केलं, केंद्राच्या पशुसंवर्धन पायाभूत विकास निधीतून, ज्यात व्याजात 3 टक्के सूट मिळते. साधारण 7 लिटर गाईच्या दुधाला एक किलो पनीर. शिर्डी रस्त्यावरची हॉटेलं आणि नाशिकचे केटरर हे आमचे गिऱ्हाईक. खरा त्रास पामतेलाच्या बनावट पनीरचा. ते इतकं स्वस्त पडतं की दुधाचं पनीर त्या दराने कुणीच देऊ शकत नाही, आणि थाळीत खाणाऱ्याला फरक कळत नाही. त्यावर तपासणी कडक झाली तर दूध उत्पादकाला कुठल्याही अनुदानापेक्षा जास्त फायदा होईल, असं मला वाटतं. सप्टेंबर 2025 पासून पाकीटबंद पनीरवरचा 5 टक्के जीएसटी गेला, तो फरक आम्ही दुधाच्या दरात दिला.

सध्या दोन कामं हातात आहेत. पेंडीची उधारी मोडण्यासाठी पशुपालकांचं किसान क्रेडिट कार्ड काढून देतोय. वेळेत फेडलं तर 2 लाखांपर्यंतचं कर्ज 4 टक्क्यांनी पडतं आणि उधारीतल्या पोत्यावरचा चढा भाव वाचतो. फॉर्म आमच्याकडे भरून मिळतो, त्याचे पैसे घेत नाही. दुसरं मुरघासाचं. ज्यांना या हंगामात पिशव्या हव्यात त्यांनी मका पेरायच्या आधी केंद्रावर नाव नोंदवावं, म्हणजे कुट्टी मशीनच्या पाळ्या वस्तीप्रमाणे लावता येतील.